पुलाकडे जाणारी बस

कोपरा वळताच घनीमाला ती बस दिसली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नगरभवनाच्या पायऱ्यांसमोर, चिनाराखाली, अगदी नवरीसारखी नटवून उभी केली होती. खाली हिरवी, वर मलई रंगाची, मागे उघडा सज्जा, सज्ज्याला लोखंडी कठडा आणि घंटेची साखळी. पोटावर तिकिटाचं यंत्र अडकवलेला एक गुबगुबीत माणूस कंडक्टरची टोपी घालून येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकत होता आणि दोन बायका त्याच्या बाजूला उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या. घनीमानं बापाचं, आकलीचं, कोपर धरलं होतं, ते तिनं आणखी घट्ट धरलं. दुसरं काहीही आणलं असतं तरी चाललं असतं, ती मनात म्हणाली, रुग्णवाहिका आणा, भाजीचा टेम्पो आणा, घोडागाडी आणा. अख्ख्या पॅरिसभर शोधून आणली काय, तर ही! साठ वर्षांपूर्वी याच तारखेला पोलिसांनी असल्याच बसगाड्या चालक-कंडक्टरसकट ताब्यात घेतल्या होत्या आणि मोर्च्याला आलेल्या अल्जेरियन माणसांना डोक्यावर हात ठेवायला लावून त्यांत कोंबलं होतं. आज त्यांच्याच आठवणीची पाटी पुलावर बसणार, आणि त्यांच्यातले जे चारदोन म्हातारे अजून जिवंत आहेत त्यांना पाटीपर्यंत न्यायला ही बस. महिनोन् महिने बैठका घेत होते मेले. एका तरी बैठकीत, एकानं तरी, कॉफीचा कप खाली ठेवून विचारायचं होतं की बाबांनो, हे आपण काय करतोय?

"मादाम घनीमा! आवडली ना?" सांस्कृतिक विभागाची एलोदी धावतच आली. पोरगी तशी गुणाची, गळ्यात ओळखपत्र, हातात फोन, चेहऱ्यावर सगळ्यांना खूश करायची घाई. "त्याच काळातली आहे, अस्सल. जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळानं दिलीय. म्हटलं, आजीआजोबांना जरा त्यांचा काळ परत मिळेल."

"त्यांचा काळ," घनीमा म्हणाली. "एलोदी, त्या दिवसाचे फोटो पाहिलेत तुम्ही?"

"पाहिले म्हणजे काय! आत सभागृहात मीच लावलेत, मोठे करून."

"मग त्यांच्यात माणसांच्या मागे काय उभं आहे?"

एलोदी हसत होती ती हसतच थांबली. तिनं बसकडे पाहिलं, मग आकलीकडे, मग पुन्हा बसकडे. "अगं बाई," ती पुटपुटली. आणि लगेच तिच्यातली अधिकारी जागी झाली. "पण आता कसं करायचं हो? सुरक्षेसाठी पुलापर्यंतचा रस्ता बंद केलाय. दुसऱ्या गाडीला परवानगी नाही. फक्त हिलाच आहे."

"माझी गाडी सोडायला सांगा. मागच्या गल्लीत उभी आहे."

"ते माझ्या हातात नाही. ते पोलिसांच्या हातात आहे."

"कुणाच्या?"

एलोदीनं मान खाली घातली. घनीमाला तिची कीवही आली आणि तिच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. या दोन्ही भावना तिला हल्ली एकदमच येत. औषधांच्या दुकानात आयुष्य काढल्यानं लोकांवर ओरडायची सवय राहिली नव्हती, काउंटरमागून गोड बोलायचं आणि आतल्या आत जळायचं, आणि आता साठीच्या उंबरठ्यावर तो सगळा साठलेला वैताग भलत्याच वेळी वर यायचा.

आकली बसमध्ये बसत नाही, ही त्यांच्या घरातली जुनी गोष्ट होती, जशी कुणाच्या घरात कुणी वांगं खात नाही तशी. लहानपणी घनीमाला त्याचं काही वाटायचं नाही, मग वैताग येऊ लागला, मग लाज. बाजाराला निघाले की आई वर्दिया टोपल्या घेऊन बसमध्ये चढायची आणि दारातून ओरडायची, "या हो राजेसाहेब, या तुम्ही सावकाश, पायी!" आणि आकली फुटपाथवरून चालू लागायचा, लांब लांब ढांगा टाकत, बसशी शर्यत लावल्यासारखा. घनीमा बापाच्या वाटणीला यायची, कारण तिला चालायला आवडतं असं कुणीतरी एकदा ठरवून टाकलं होतं. तिला अजिबात आवडत नव्हतं. टाचांना फोड यायचे. पावसात तिच्या मोज्यांतून पाणी निघायचं आणि शेजारून बस जायची, आत पिवळा दिवा, वाफ धरलेल्या काचा, त्यांच्यापलीकडे कोरडी, बसलेली माणसं. "बाबा, आपण का नाही चढत?" "बसनं उशीर होतो." दर वेळी हेच. बस पुढे निघून गेलेली दिसायची तरी हेच. तिची शाळेची बक्षिसं, तिच्या पदवीचा समारंभ, तिचं लग्न, सगळीकडे हा माणूस घामेजलेला, धुळीचे बूट घेऊन, सगळ्यांच्या नंतर पोचला. लग्नात तर सासरचे ताटकळत बसले होते आणि वर्दिया दारात उभी राहून पाहुण्यांना सांगत होती, "येतील, येतील, आमचे हे मोरोक्कोवरून वळसा घालून येतायत." लोक हसले होते. घनीमा हसली नव्हती.

मग केव्हातरी टीव्हीवर तो माहितीपट लागला. तोवर शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, घरात कुणी बोललं नव्हतं, मशिदीबाहेर, कॉफीच्या टपरीवर, कुठेच नाही. पडद्यावर रात्रीचा ओला रस्ता, सुटाबुटातली माणसं, डोक्यावर हात, आणि मागे त्या बसगाड्या. एकीपुढे एक. त्या माणसांनी दंगा केला नव्हता. तिकडे अल्जेरियात फ्रान्सविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं, म्हणून इथे फक्त अल्जेरियन माणसांनाच संध्याकाळनंतर घराबाहेर पडायची बंदी घातली होती, ती मोडायला ती बायकापोरांसकट, ठेवणीतले कपडे घालून, रिकाम्या हातांनी चालत निघाली होती, आणि पोलिसांनी त्यांतल्या कित्येकांना मारून नदीत फेकलं होतं. घनीमाच्या हातातला चमचा तसाच राहिला. तिनं वळून बापाकडे पाहिलं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "बाबा, तुम्ही होतात यात?" तो म्हणाला, "भाजी करपतेय बघ." भाजी खरंच करपत होती, हा त्यातला आणखी वैताग. त्यानंतर तिनं पुस्तकं वाचली, व्याख्यानं ऐकली, आणि एकेक तुकडा जोडत स्वतःच सगळं ठरवलं. बसमध्ये मारलं असणार. दारात दोन्ही बाजूंना उभे राहून चढताना दंडुके घातले असणार, तसं लिहिलंच आहे. बसमध्ये रक्त सांडलं असणार, गुदमरायला झालं असणार. म्हणून बस नाही. तिनं हे कधी त्याला विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही, आणि या न बोललेल्या गोष्टीवर तिनं बापाला मनातल्या मनात सगळी पायपीट माफ करून टाकली.

फक्त एक नाव त्याच्या तोंडून निसटलं होतं, तेही वर्दिया गेली त्या वर्षी. मेझियान. गावाकडचा चुलतभाऊ, एकोणीस वर्षांचा, कारखान्यात त्याच्याच पाळीला, एकाच खोलीत, एकाच पलंगावर आळीपाळीनं झोपणारा. त्या संध्याकाळी दोघं मिळून निघाले होते. तो परत आला नाही. त्याची कुठे नोंद नाही, कबर नाही, गावाकडे त्याच्या आईनं मरेपर्यंत त्याचं जेवण घातलं नाही, कारण देह आल्याशिवाय कसलं जेवण घालायचं? आणि आता नगरपालिकेनं पाटी करायची ठरवली, तर पाटीवर नावंच नाहीत. "शांततापूर्ण निदर्शनात ज्यांना मृत्यू आला त्यांच्या स्मृतीस." मृत्यू आला! जसा काही तो स्वतःहून बाराच्या गाडीनं आला. घनीमानं नगरभवनाचे उंबरठे झिजवले, पत्रकारांच्या नाकी नऊ आणले, शेवटी एवढं पदरात पडलं की भाषणांनंतर एक साक्षीदार ध्वनिक्षेपकावर बोलेल. मग घरी येऊन बापाच्या विनवण्या. चार महिने लागले. चार महिने तो सफरचंद सोलत बसायचा आणि मान हलवायचा. एके दिवशी अचानक म्हणाला, "भाषण नाही करणार. त्याचं नाव घेईन, बापाच्या नावासकट, गावासकट. बास." तिला रडू कोसळलं होतं. तिला तेवढंच हवं होतं. मेझियानचं नाव एकदा त्या पुलावर मोठ्यानं म्हटलं जावं, बापाच्या तोंडून, बाप जिवंत असताना.

आज सकाळी त्यानं दाढी केली, राखी सूट चढवला, टाय तिच्याकडून बांधून घेतला. निघताना खिशातली ती सफरचंद सोलायची सुरी काढून टेबलावर ठेवली. "असू दे की बाबा, सुरीनं काय होतंय?" "नको," तो म्हणाला. "तेव्हा संघटनेचा हुकूम होता. टाचणीसुद्धा न्यायची नाही. निघायच्या आधी आपल्याच पोरांनी आपले खिसे तपासले होते." इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल तो इतकं पहिल्यांदाच बोलला, तेही बुटाची नाडी बांधताना, आणि आता ही हिरवी बया समोर उभी.

"चला, घरी जाऊ," घनीमा म्हणाली. "नको आपल्याला त्यांची पाटी. बाबा? चला."

पण आकलीनं कोपर सोडवून घेतलं. तो बसजवळ गेला. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन त्यानं सज्ज्याचा दांडा धरला, वर पाहिलं, आणि घनीमाला काही कळायच्या आत गुडघा दाबत पायरी चढून आत जाऊन बसला. खिडकीशी. ती बघतच राहिली. साठ वर्षं! तिच्या लग्नाला चढला नाही तो माणूस आज या धुडात चढून टोपी मांडीवर ठेवून बसला! तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिला भयंकर राग आला. एवढं सोपं होतं तर मग माझ्या टाचांचे फोड कशासाठी? मग लाज वाटली, मग पुन्हा राग आला. ती मुकाट्यानं चढली आणि त्याच्या बाजूला दांडा धरून उभी राहिली.

म्हातारे चढत होते. त्यांची मुलं, सुना, नातवंडं, नगरपालिकेची माणसं, एक फुलांची टोपली. बस भरली, मग सज्जाही भरला. शेवटी राहिली तासादीत मावशी, घनीमाच्या मजल्यावरची, चाकांचा आधारगाडा ढकलत येणारी, नटून आलेली, गळ्यात माहेरची चांदीची गळसरी. "थांबा रे बाबांनो! मला ठेवून निघालात की काय?" ती खालून ओरडली. कंडक्टर झालेला माणूस आपल्या भूमिकेत अगदी रंगला होता. त्यानं हात आडवा केला, छाती पुढे काढली आणि जुन्या काळच्या खड्या आवाजात आरोळी दिली, "गाडी भरली! जागा नाही!" आणि साखळी ओढून घंटा वाजवली. दोनचार जण हसले. एलोदीनं खालून सांगितलं, "मावशी, दुसरी फेरी आहे, काही काळजी करू नका."

आकली उठला होता. घनीमानं त्याचा चेहरा पाहिला आणि तिचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. चेहरा असा झाला होता की तिनं घाबरून त्याची नाडीच धरली. त्यानं हात झटकला. लोकांना कोपरानं बाजूला सारत तो सज्ज्यापर्यंत गेला, पायरी उतरला, आणि तासादीतला म्हणाला, "चढ."

"अहो आकलीभाऊ, तुम्ही बसा हो. मी येते मागून. मला कुठे भाषण करायचंय?"

"चढ म्हणतो ना! वाद घालू नकोस." त्याचा आवाज फुटला होता. "हिला घ्या आत. आधी हिला घ्या!"

कंडक्टरची टोपी घातलेला माणूस ओशाळला. "गंमत केली हो आजोबा," असं म्हणत त्यानं मावशीला हाताला धरून वर घेतलं, तिचा गाडा वर घेतला. घनीमा कशीबशी खाली उतरली आणि बस गुरगुरत निघाली. एलोदी कपाळाला हात लावून म्हणाली की दुसरी फेरी अर्ध्या तासानं, पण तोवर भाषणं संपतील, ध्वनिक्षेपक पुढच्या कार्यक्रमाला द्यायचाय, आता मी काय करू, मादाम? घनीमानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हातारा चालू लागला होता.

त्या गुडघ्यानं! त्या गुडघ्यासाठी ती स्वतः इंजेक्शनं मागवते. "बाबा, थांबा. बाबा, पोचणार नाही आपण. तुम्ही नेहमी असंच करता. एक दिवस, एकच दिवस तुम्ही वेळेवर पोचायचं होतं. चार महिने मी त्या लोकांच्या हातापाया पडले. आणि तुम्ही त्या जोकरच्या एका आरोळीवर उतरून मोकळे! मावशी आली असती ना मागून. तिला तिथे काय करायचं होतं? फोटो!" ती बोलतच राहिली. पावाच्या दुकानावरून, घोड्यांच्या शर्यतीचे आकडे लावणाऱ्यांच्या कॅफेवरून, जिथे दारातल्या दोघा म्हाताऱ्यांनी आकलीला हात केला, शाळेच्या भिंतीवरून. चिनाराची मोठी मोठी पानं पायाखाली येत होती. तिला ऐकू येत होतं की आपण बरळतोय, आपला आवाज आईसारखा येतोय, पण थांबता येत नव्हतं. "आणि त्या बसमध्ये चढलात कशाला? ज्या बसमध्ये तुम्हाला मारलं, तिच्यात मुळात चढलातच कशाला?"

"बसमध्ये नाही मारलं," आकली म्हणाला.

ती थांबली. तो थांबला नाही, म्हणून तिला पुन्हा चालावं लागलं.

"चढताना दोन दंडुके बसले. आत काही नाही. आत गर्दी होती, ऊब होती. मार पुलावर चालला होता. बसमध्ये जो गेला तो वाचला, घनीमा." तो धापा टाकत होता. दर चारदोन शब्दांनी थांबत होता. "मी पायरीवर होतो. मेझियान माझ्या मागे. त्याचा हात माझ्या कोटाला. दर दुकानाच्या काचेत केस बघत आला होता येडा, भांग पाडून. कंडक्टर घाबरलेला. तोही पोरगाच. त्याला रोजची सवय. त्यानं ओरडून सांगितलं, गाडी भरली, जागा नाही. आणि घंटा मारली. पोलिसांनी मेझियानला मागे ओढला. बस निघाली. त्याच्या हातात बटण आलं... माझंच. कोटाचं. तुटलं." मग म्हणाला, "मागच्या काचेतून दिसत होतं. पुलाच्या कठड्यापर्यंत दिसलं. मग बस वळली."

तिनं इतकी पुस्तकं वाचली होती. तिच्या डोक्यातली बस काळी होती, रक्तानं माखलेली, गेली तीस वर्षं ती त्या बसचा द्वेष करत आली होती, आज सकाळी तिच्याच नावानं एका पोरीला फाडून खाल्लं होतं. आणि बाप त्या बसमुळे जिवंत होता. ती स्वतः त्या बसमुळे जन्माला आली होती. "मग तुम्ही," ती अडखळली, "मग बसमध्ये का नाही चढायचात?"

"कुणीतरी खाली राहतंच ना," तो म्हणाला. "भरली की राहतंच कुणीतरी." आणि मग चिडून, "आता चल. बडबड करून दम घालवलास माझा."

दुरून ध्वनिक्षेपकाचा आवाज येत होता. वाऱ्यावर शब्द तुटत होते, वेदनादायी, अक्षम्य, सलोखा. मग टाळ्या. मग शांतता. ती बापाला ओढू शकत नव्हती आणि सोडू शकत नव्हती. नदीचा तो ओला, गंजका वास आला तोवर पुलावरून लोक परत यायला लागले होते, हातात कागदाचे पेले. बस रिकामी वळून उभी होती. दूर पुलाच्या मध्यावर कुणीतरी वायर गुंडाळत होतं. संपलं, घनीमाला वाटलं. झालं. कायमचं. पुन्हा हा माणूस तयार होणार नाही आणि पुढच्या वर्षी तो असेल की नाही कोण जाणे.

अडथळ्यापाशी एक तरुण पोलीस उभा होता. कोवळा, गालावर मुरुमं, नाकाशी लाल झालेला. त्यानं आदबीनं हात वर केला. "आजोबा, कार्यक्रम संपला. आता कुणाला आत सोडत नाही. पूल मोकळा करायचाय."

"अहो, ते बोलणार होते!" घनीमाचा आवाज चिरकला. "ते साक्षीदार आहेत! विचारा तुमच्या साहेबांना!"

"बरं, बरं, मादाम. विचारतो." त्यानं खांद्यावरचा वायरलेस तोंडाजवळ ओढला. "आजोबा, नाव काय तुमचं?"

घनीमा सांगणार होती. आकलीनं तिच्या दंडावर हात ठेवून तिला थांबवलं. त्यानं टोपी काढली. काठी टेकून पाठ सरळ केली, तिनं वर्षानुवर्षं पाहिली नव्हती इतकी सरळ, आणि पोलिसाच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "मेझियान ऐत वाली. बाप मोहंद सईद. गाव तिझी गिफ."

पोलिसानं वायरलेसचं बटण दाबलं. "हॅलो, दक्षिण टोकावरून. इथे एक मेझियान ऐत वाली म्हणून आहेत. मोहंद सईद यांचा मुलगा. त्यांची कुणी वाट बघतंय का, बघा जरा."

आणि पुलावर ठिकठिकाणी उभ्या असलेल्या पोलिसांच्या खांद्यांवरून ते नाव खरखरत एकदम बाहेर पडलं. जवळून आलं, मधून आलं, पलीकडच्या टोकावरून बारीक होऊन आलं. मेझियान ऐत वाली. पेले घेऊन परतणारे लोक थबकले. कठड्याशी उभ्या एका जाड्या हवालदारानं आपल्या बाजूच्याला विचारलेलंही ऐकू आलं, "कोण म्हणाला? मेझियान?" त्यानं मान लांब करून गर्दीत पाहिलं, मग कठड्याकडे पाहिलं, शोधत. घनीमानं तोंडावर हात दाबून धरला.

वायरलेस पुन्हा खरखरला. आवाज थकलेला होता. "सगळीकडे विचारलं. त्या नावाचं इथे कुणी नाही."

"ऐकलंत ना आजोबा?" पोरगा अपराधी आवाजात म्हणाला. "नाही म्हणतायत."

"आहे," आकली म्हणाला. "इथेच आहे. परत विचारा."

पोरानं घनीमाकडे पाहिलं. मग त्यानं खांद्याकडे मान वळवली आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.